सैल नको, घट्ट नको

ओलं प्लास्टर हातावर गुंडाळलं की काही मिनिटांत ते गरम व्हायला लागतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस दचकतो. हाड मोडलेलं, ठणका लागलेला, त्यात आता भाजायचंही! म्हणून प्लास्टर रूममधला जाणता माणूस पहिला रोल पाण्यात सोडतानाच बजावून ठेवतो, "आता गरम लागेल हां, घाबरायचं नाही. आपोआप गार होतं."

या उष्णतेचं कारण साधं आहे. जिप्समचा दगड भाजला की त्याच्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि प्लास्टरची पांढरी पूड उरते. त्या पुडीला पाणी परत मिळालं की तिचा पुन्हा दगड होतो, आणि दगड होताना ती उष्णता बाहेर टाकते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पोटात या जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून या पुडीला पॅरिसचं नाव मिळालं. पाणी फार गरम घेतलं, थर नको तितका जाड झाला, किंवा ओलं प्लास्टर उशीत रुतवून ठेवलं, तर हीच ऊब कातडी खरोखर भाजू शकते. पाणी किती कोमट, थर किती, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण पेशंटच्या बाबतीत ते ठरतं एका माणसाच्या हातात. त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

त्याचा हुद्दा कागदोपत्री ऑर्थोपेडिक टेक्नॉलॉजिस्ट किंवा प्लास्टर टेक्निशियन असतो. जुन्या इस्पितळांत अजून ड्रेसर म्हणतात. पेशंटच्या लेखी तो मामा, नाहीतर दादा. अमेरिकेत आणि कॅनडात या कामाची स्वतंत्र परीक्षा आहे, ती उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आहे. आपल्याकडेही आता अभ्यासक्रम निघाले आहेत, पण आज मोठ्या इस्पितळांत जे मुरलेले हात दिसतात ते बहुतेक कुणातरी थोरल्याच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून तयार झालेले आहेत.

मी हे काम जवळून पाहिलं ते आईमुळे. पावसाळ्यात मोरीत पाय घसरून ती पडली आणि पडताना साऱ्या अंगाचा भार डाव्या हाताच्या तळव्यावर आला. मनगट पाहताक्षणी कळत होतं, उलट्या ठेवलेल्या काट्या-चमच्यासारखा बाक आला होता. उतारवयातल्या बायकांत ही मोड इतकी नेहमीची की डब्लिनच्या अब्राहम कॉलेस यांनी १८१४ सालीच तिचं नेमकं वर्णन करून ठेवलं आहे. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षं अवकाश होता. हातानं चाचपून, ओढून, सोडून पाहून त्यांनी ते लिहिलं.

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा आईची पहिली काळजी हाडाची नव्हतीच. हातात हिरव्या बांगड्या होत्या. प्लास्टर रूममधल्या मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच म्हणाले, "आजी, वाढवायला नाही लागणार. साबणाचं पाणी आणि प्लास्टिकची पिशवी. एकेक उतरवतो." त्यांनी पिशवी हातावर मोज्यासारखी चढवली आणि बांगड्या तिच्यावरून घसरवत एकेक काढल्या. अंगठी मात्र सुजेत रुतली होती. मग दोरा काढला, त्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटाला घट्ट वेटोळे घालत पेरापर्यंत नेला आणि खालचं टोक धरून उलगडत गेले. अंगठी वेढ्यावेढ्यानं वर सरकत बाहेर आली. बांगडी, अंगठी, काळा दोरा, गंडा असं काहीही प्लास्टरच्या आत किंवा पुढे राहिलं आणि सूज चढली तर तेच बोटाला फास होतं. हे डॉक्टर सांगतात. पण घाबरलेल्या बाईच्या हातातून ते तिचं मन न दुखवता उतरवण्याचं काम मामांचं.

डॉक्टरांनी मोडीच्या जागी भुलेचं इंजेक्शन दिलं आणि हाताची बोटं धरून ओढायला सुरुवात केली. मामांनी कोपराच्या वर दंड धरून उलट्या बाजूला ताण दिला. मनगट किंचित खाली आणि करंगळीकडे वळवल्यावर हाड जागेवर आलं, असं डॉक्टर म्हणाले. आता ती स्थिती सुटता कामा नये. मामांनी कापूस गुंडाळला, हाडाचे उंचवटे होते तिथे एक वेढा जास्त. प्लास्टरचा रोल बादलीत आडवा सोडला, बुडबुडे येणं थांबेपर्यंत थांबले, दोन्ही टोकांनी हलका दाबून पाणी काढलं आणि गुंडाळत गेले. ओढायचं नाही, नुसतं उलगडत न्यायचं. मग शेणानं अंगण सारवणारी बाई जसा सगळा तळवा फिरवते तसा त्यांचा तळवा त्या ओल्या पांढऱ्या थरावरून फिरत राहिला. बोटांची टोकं त्यांनी एकदाही टेकवली नाहीत. ओल्या प्लास्टरवर बोट दाबलं तर आत खळगा पडतो, तो तसाच वाळतो आणि पुढे कित्येक दिवस एकाच जागी कातडीला रुतत राहतो. वरून काही दिसत नाही, आत जखम होते. शेवटी मुठीच्या गाठींपाशी कड नीट दुमडून घेतली, म्हणजे बोटं पूर्ण मिटता येतील.

या साऱ्याला फारसा वेळ नसतो. प्लास्टर आवळायला लागलं की त्यात बदल करता येत नाही. आवळताना हलवलं तर आतून तडकतं आणि कमजोर राहतं. त्या थोड्या मिनिटांत तळव्यानं हाडाला तीन ठिकाणी आधार द्यायचा असतो: एका बाजूला मोडीजवळ, उलट्या बाजूला तिच्या वर आणि खाली. म्हणून चांगलं प्लास्टर बाहेरून सरळ नळीसारखं दिसत नाही, त्याला बाक असतो आणि त्या बाकामुळे आतलं हाड सरळ राहतं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९५० साली मोडलेली हाडं शस्त्रक्रियेशिवाय बसवण्यावर जे पुस्तक लिहिलं त्याचा हा गाभा आहे. हेच चार्नली पुढे खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक झाले. इतक्या मोठ्या शल्यविशारदाला प्लास्टर ही दुय्यम गोष्ट वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

काम झाल्यावर मामा स्टुलावर बसले आणि आईला म्हणाले, "आता मी सांगतो ते मला परत म्हणून दाखवायचं." हात छातीच्या वर ठेवायचा. बोटं दर तासाला उघडझाप करायची. सुई, काडी, पट्टी काहीही खाज आली म्हणून आत घालायचं नाही. आणि बोटं निळी-काळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, किंवा गोळी घेऊनही कळ वाढतच चालली, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी यायचं. आईनं म्हटलं. एक गोष्ट सुटली, ती त्यांनी पुन्हा म्हणून घेतली. बाहेर रांग होती, पण त्यांनी घाई केली नाही.

घरी आल्यावर मी या सूचनांमागचं कारण शोधत गेले आणि सुश्रुतापर्यंत पोचले. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारावर एक अख्खा अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि वेळूच्या कामट्या मोडलेल्या अवयवाभोवती बांधाव्यात असं तो सांगतो. बंध थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, हेही सांगतो. पण मला थबकायला लावलं ते बंध किती आवळावा याच्या विचारानं. सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही. घट्ट बांधलं तर सूज येते, वेदना होतात, कातडी पिकते. म्हणून जाणकार मधला बंध पसंत करतात. इतक्या जुन्या काळापासून या विद्येचा पेच तोच राहिला आहे. बदललं ते साहित्य: सालीच्या जागी प्लास्टर आलं, प्लास्टरच्या जागी काही ठिकाणी फायबरग्लास.

घट्ट बांधण्याचं टोक काय असतं ते १८८१ साली जर्मनीच्या रिचर्ड फोन फोल्कमान यांनी लिहून ठेवलं. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांच्या हाताला आवळून पट्टी बांधली की आतल्या स्नायूंना रक्त मिळत नाही, काही तासांत ते मरायला लागतात, आणि मग सारा पंजा शिकारी पक्ष्याच्या पायासारखा वळून कायमचा आखडतो. हेच फोल्कमान दुसऱ्या नावानं मुलांसाठी परीकथा लिहीत. फ्रान्सवरच्या स्वारीत लष्करी डॉक्टर असताना त्यांनी त्या लिहिल्या आणि १८७१ साली त्यांचं पुस्तक निघालं. मुलांचे हात कशानं निकामी होतात ते त्यांनी इतक्या बारकाईनं पाहावं, याचं मला त्यानंतर नवल वाटलं नाही.

हा धोका ओळखण्याची खूण प्लास्टर रूममध्ये प्रत्येकाला पाठ असते: पेशंटची बोटं हळूच सरळ करून पाहायची. त्यानं किंकाळी फोडली तर वेळ दवडायचा नाही. डॉक्टरांना हाक मारायची आणि प्लास्टर उभं चिरायचं, तेही आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. रक्तानं भिजून वाळलेला कापूसही फास होऊ शकतो. म्हणूनच ताज्या मोडीला बऱ्याचदा आधी अर्धगोल स्लॅब देतात, लोक ज्याला कच्चं प्लास्टर म्हणतात. सूज उतरली की पक्कं. "पहिल्याच दिवशी पक्कं का नाही घातलं?" म्हणून नातेवाईक भांडतात, तेव्हा समजावत बसण्याचं कामही मामांकडेच येतं.

आपल्याकडे अजून कितीतरी माणसं आधी हाडवैद्याकडे जातात. बांबूच्या कामट्या करकचून बांधलेला, काळा पडलेला हात घेऊन चौथ्या-पाचव्या दिवशी इस्पितळात येणारी मुलं प्रत्येक अस्थिव्यंगोपचार विभागानं पाहिली आहेत. त्यातले काही हात कापावे लागतात. तरीही सगळ्या हाडवैद्यांना एका फटक्यात अडाणी ठरवणं मला पटत नाही. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राच्या मोठ्या माणसांपैकी एक, लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस, हे वेल्समधल्या हाडं बसवणाऱ्यांच्याच घराण्यातले. त्यांनी बोटांतली घरची विद्या घेतली आणि तिला वैद्यकाची शिस्त लावली. मांडीचं हाड मोडलेल्या पायाला ताण देऊन स्थिर ठेवणारी, लोखंडी कडं आणि दोन सळ्यांची त्यांची चौकट आजही थॉमस स्प्लिंट म्हणून आपल्या वॉर्डांत आहे.

या चौकटीची एक गोष्ट मला या साऱ्या विषयाच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात मांडीच्या हाडाला गोळी लागलेले बहुतेक सैनिक मरत. ८० टक्क्यांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. मोडलेलं हाड हलत राही, रक्त वाहत राही आणि माणूस शल्यविशारदापर्यंत पोचेपर्यंत संपून जाई. थॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती चौकट आघाडीवर नेण्याचा आग्रह धरला. ती चढवायला शिकवलं कुणाला? स्ट्रेचर वाहणाऱ्यांना. डॉक्टर नसलेल्या, साध्या शिपायांना. अंधारात, चिखलात, बुटावरूनच ती चढवता यावी म्हणून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा कवायत करून घेतली. १९१७ च्या आरासच्या लढाईत अशा १,००९ जखमींची नोंद आहे आणि त्यांत मृत्यूचं प्रमाण १५.६ टक्के. इतर सुधारणाही झाल्या होत्या हे खरं, पण पहिल्या तासात तो पाय स्थिर करणारे हात डॉक्टरांचे नव्हते.

ही चौकट मी पाहिली ती आईच्या तपासणीला जाताना वाटेत लागणाऱ्या पुरुषांच्या वॉर्डात. नडगीच्या वरच्या टोकातून आरपार गेलेली पिन, तिला बांधलेली दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि तिला टांगलेल्या विटा. पलंगाचा पायथाही विटांवर चढवलेला, म्हणजे माणूस वजनाबरोबर खाली घसरत नाही, त्याचाच देह उलटा ताण देतो. विटा पाहून नातेवाइकांचा चेहरा पडतो. पण दोरीला वीट आहे की पोलादाचं चकचकीत वजन, हे हाडाला कळत नाही. त्याला ताण किती आणि कोणत्या दिशेनं हे कळतं. रोज सकाळी एक टेक्निशियन या पलंगांमधून फिरतो. दोरी कप्पीतून सुटली का, वीट जमिनीला टेकली का, टाच गादीला घासते का, पिनेभोवती लाली आहे का, पायाचा अंगठा वर उचलता येतो का. कुणीतरी झाडताना वीट पलंगावर ठेवून दिलेली असते. त्या एका कृतीनं आठवडाभराचा ताण वाया जाऊ शकतो.

मुलांचं काम मात्र वेगळंच. मे महिन्यात कोकणात आंब्याच्या झाडावरून, शहरात घसरगुंडीवरून पडलेली मुलं कोपर धरून येतात. मांडी मोडलेल्या लहानग्याला कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात, त्याला स्पायका म्हणतात. तो घातलेलं मूल उचलायचं कसं, शी-शूच्या जागी प्लास्टर भिजू नये म्हणून कापडाची घडी कशी खोचायची, कुशीवर कधी वळवायचं, हे सगळं आईला शिकवावं लागतं. ते शिकवलं नाही तर हाड जुळेल आणि मुलाची पाठ सोलून निघेल. आणि मग जन्मतः पाय आत वळलेली बाळं. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आयुष्य घालवलेल्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी दाखवून दिलं की अशा पायावर मोठी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा तो हळूहळू वळवत दर आठवड्याला नवं प्लास्टर घालत गेलं तर पाच-सहा प्लास्टरांत पाय सरळ होत जातो. पुढे बहुतेक बाळांच्या टाचेची शीर एका छोट्या छेदानं सैल करतात आणि मग काही वर्षं रात्री खास बूट घालावे लागतात. प्लास्टर घालताना बाळ रडून ताठ झालं तर पाय वळत नाही. म्हणून त्याला दूध पाजत असतानाच काम उरकायचं. एकाच्या हातात पाय धरलेला, दुसऱ्याच्या हातात रोल, आणि दोघांचं लक्ष बाळाच्या तोंडातल्या बाटलीकडे. मोठ्या माणसाच्या मांडीचे राकट स्नायू ओढणारे हात इथे पंजाएवढा पाय धरतात. या कामाचा मला सगळ्यात जास्त आदर वाटतो.

आईचं प्लास्टर कापलं त्या दिवशी तिच्या आधी एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता. करवतीचा आवाज ऐकूनच त्यानं टाहो फोडला. मामांनी चालू करवत स्वतःच्या तळव्याला लावून दाखवली. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी बारीक थरथरतं. टणक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी ही करवत बनवली, त्याआधी कात्र्या आणि सुऱ्यांनी प्लास्टर कापत. पण ही करवतही रेटत नेली तर तापते आणि चटका देते. दाबायची, उचलायची, थोडं पुढे दाबायची, उचलायची. मुलगा हुंदके देत पाहत राहिला. मग आईची पाळी. आत हात बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे सुटलेले, मनगट काठीसारखं ताठ. आई म्हणाली, "हा माझा हात वाटतच नाही." मामा म्हणाले, "कोमट पाण्यात बुडवा, घासू नका. आणि ओला नॅपकिन पिळायला लागा. नॅपकिन पिळता आला की पोळी लाटता येईल."

आता पट्ट्या, स्क्रू, हाडाच्या पोकळीत बसणारे खिळे आले आहेत. मांडी मोडलेला माणूस महिनेच्या महिने विटांना टांगून पडण्याऐवजी शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत कुबड्या घेऊन उभा राहतो. ही फार मोठी गोष्ट आहे आणि जुन्या पद्धतीचं गुणगान करताना ती विसरणं चुकीचं ठरेल. पण त्यामुळे प्लास्टर रूम बंद झालेली नाही. लहान मुलांच्या बहुतेक मोडी, वयस्कांची कितीतरी मनगटं, घोट्याची साधी मोड आजही तिथेच बरी होते. आणि जिथे शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही किंवा भूल देणं धोक्याचं असतं, तिथे हाच एक आधार असतो. माझी भीती वेगळी आहे. नवे डॉक्टर जास्त वेळ शस्त्रक्रियागृहात घालवतात, त्यात गैर काही नाही. पण म्हणजे तळव्यानं हाड धरून ठेवण्याची विद्या आता डॉक्टरांपेक्षा या टेक्निशियनांकडे अधिक उरली आहे. ती नुसती पुस्तक वाचून येत नाही.

२०२१ साली संसदेनं डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज आरोग्यसेवेत राबणाऱ्या व्यावसायिकांच्या शिक्षणासाठी आणि नोंदणीसाठी कायदा केला. चांगलं झालं. पण आईच्या केसपेपरवर मी नंतर पाहिलं: युनिटचं नाव आहे, क्ष-किरणाचा क्रमांक आहे, गोळ्या आहेत. प्लास्टर कुणी घातलं, ते नाही. ते नाव तिथे असायला हवं. काही बिघडलं तर विचारायला कुणी असावं म्हणून, आणि काही बिघडलं नाही तर ते कुणामुळे हे कळावं म्हणूनही. मामांच्या हाताखाली त्या दिवसांत कुणीच नव्हतं. रोल भिजवणारे तेच, घालणारे तेच, कापणारे तेच, आणि खोलीत पसरलेली पांढरी धूळ झाडणारेही तेच. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणारी दोन माणसं आज नेमायला हवीत. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी येणाऱ्याला किती आवळायचं हे कोण दाखवणार?